डुलीभाऊंची मंगळवारची स्थळं

गोंदियाला खेटून असलेल्या आमच्या फुलचुरात एखाद्याने घर बांधायचं ठरवलं, की ती बातमी आधी डुलीचंद टेंभरे यांना कळते आणि मग त्या माणसाच्या बायकोला. तुम्हाला थाप वाटेल, पण किराणा दुकानात माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट आहे. आमच्या गल्लीतले एक पोस्टमन सपत्नीक सामान घ्यायला आले होते. डुलीभाऊंनी त्यांना पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "अभिनंदन भाऊ! वरचा मजला मंजूर झाला. जिना बाहेरून घेतला, हे बेस केलं."

पोस्टमनच्या बायकोच्या हातातली तूरडाळ हातातच राहिली.

"कोन्ता मजला?" तिने नवऱ्याला विचारलं. "आनि जिना बाहेरून कायले?"

पोस्टमन साखर न घेताच घरी गेले. पुढे आठ दिवस त्यांच्याकडून टपालसुद्धा उशिरा येत होतं. त्या दिवशी डुलीभाऊंनी दोन्ही कान धरले आणि आयुष्याचा नियम करून टाकला: "अर्जदाराले सगळ्यात शेवटी भेटायचं." हा नियम लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, आणि त्याचीच ही कथा आहे.

डुलीभाऊंची ही दिव्यदृष्टी येते कुठून, तर कचेरीतल्या एका फलकावरून. बांधकाम परवानगी देणाऱ्या कचेरीच्या व्हरांड्यात दर मंगळवारी मंजूर अर्जांची यादी लागते. अर्जदाराचं नाव, प्लॉट, क्षेत्रफळ, मजले किती, सदनिका किती. कोणीही वाचावी म्हणूनच लावतात, आणि म्हणूनच कोणी वाचत नाही. लोक तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत तिच्यासमोरून जातात. डुलीभाऊ मात्र दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला तिथे हजर. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, खिशाला दोन पेनं. मुलगी पाहायला निघालेला माणूस जसा दिसतो, अगदी तसे. आणि खरोखरच, यादीतल्या प्रत्येक घराला ते 'स्थळ' म्हणतात.

"गज्जू, या मंगळवारी चार स्थळं आली," ते मला सांगतात. "दोन आपल्या जोगी. एक लय मोठ्या घरचं, ते आपल्याले पाहाले बी नाई येनार. आनि एकाचं गॅरेजच आहे, त्याले सोड."

ही स्थळं ते जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे उतरवून घेतात. एका पत्रिकेवर एक घर. वहीत का लिहीत नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "वही घरी राहते. पत्रिका खिशात राहते. आनि जाड असते बाप्पा, घामानं भिजत नाई." त्यामुळे त्यांच्याकडे एखाद्या दुमजली घराचा तपशील पाहायला मागावा, तर आधी कोणातरी चि. सौ. कां. चा शुभविवाह वाचावा लागतो.

आता थोडं माझ्याविषयी. मी ठेकेदार आहे. निदान माझ्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे. मी बांधलेल्या पहिल्याच घरात जिना आणि तुळई यांची गाठ मी अशी घातली, की सातव्या पायरीवर कमरेत वाकल्याशिवाय वर जाता येत नाही. घरमालक आता सवयीने वाकतात. आलेले पाहुणे त्यांना फार श्रद्धाळू समजतात. बाकी माझं काम वाईट नाही हो, पण गावात कीर्ती जिन्याचीच झाली.

डुलीभाऊ तरुणपणापासून एका इंजिनियरकडे मोजणीचा टेप धरायच्या कामाला होते. एक टोक इंजिनियरच्या हातात, दुसरं डुलीभाऊंच्या. इंजिनियर बदलत गेले, टोक तेच राहिलं. त्या टोकाशी उभं राहून राहून त्यांना नकाशा असा वाचता येऊ लागला, जशी काही माणसं हात वाचतात. तिथून मोकळे झाल्यावर एक दिवस आपणहून माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"तुहं काम बरं आहे गा," म्हणाले, "जिना सोडून. पन तुह्याकडे काम आनाले कोनी नाई. मी स्थळं आनतो, तू लगन लाव."

त्यांच्यासोबत फिरताना मला कळलं, की कागद नुसता कागद नसतो. "कागद बोलते," हे त्यांचं पालुपद. यादीवर बोट ठेवून ते सांगत, "हे पाहा, वर एकच खोली, तिले लागून संडास. म्हंजे भाडेकरू ठेवनार. नर्सिंगच्या पोरी. यांच्याकडं पान्याच्या टाकीची गोष्ट काढायची, मानूस खुश होते." दुसरं नाव. "हे मास्तर. पोरगा पुन्याले आहे, तरी बी वर दोन खोल्या काढल्या. आनि जिना आतून. म्हंजे पोरगा वापस येईन अशी आशा आहे. इथं पोराचं नाव काढायचं नाई. वरच्या खिडकीतून हवा कशी येईन, तेवढंच बोलायचं." आणि खरोखर, त्या मास्तरांनी खिडकीच्या हवेवरच आम्हाला काम दिलं.

हे पाहून मला वाटलं, यात काय अवघड आहे? यादी आता मोबाइलवरही दिसते. डुलीभाऊंना न सांगता मी अख्ख्या महिन्याची यादी काढली आणि सगळ्यांना एकच निरोप पाठवून दिला: 'आपल्या स्वप्नातील वास्तूसाठी हार्दिक शुभेच्छा! आपले प्रत्येक पाऊल तिथे आनंदाने पडो.' सोबत गुलाबाचं चित्र. उत्तर एकच आलं. यादीतलं सातवं बांधकाम स्मशानभूमीच्या शेडचं होतं. समितीच्या अध्यक्षांनी लिहिलं होतं, 'आभारी आहे. आपणच आधी या.'

डुलीभाऊ दोन दिवस हसत होते. तिसऱ्या दिवशी गंभीर होऊन म्हणाले, "सगळ्यायले एकच पत्रिका नाई पाठवत रे बापू. पहिले घर पाहायचं. समोरच्या टपरीवर बसायचं. कपडे वाळवाची दोरी एक आहे का दोन, ते पाहायचं. मंग तोंड उघडायचं."

तर असं आमचं चाललं होतं. मग आलं ते वर्ष, ज्यात मी जवळपास सगळं बुडवलं.

माझ्या कामावरची टोळी चिचगडकडची. बारा माणसं; मिस्त्री, कुली आणि चार रेजा, म्हणजे मजूर बाया. त्यांचा पुढारी सुखराम मडावी. धानाची कापणी-मळणी उरकली की ही मंडळी गोंदियात उतरतात आणि पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे राहतात. सुखरामच्या हातची वीट म्हणजे वीट. ओळंबा लावायला लाज वाटावी. त्याच्याशिवाय मी ठेकेदार नाही, नुसती पाटी आहे. त्या वर्षी मळणी झाली, टोळी आली, आणि माझ्याकडे एकही काम नव्हतं. हैदराबादचा एक मुकादम त्यांच्या मागे लागला होता. एकदा टोळी तिकडे गेली की वर्षभर परतत नाही, आणि तिकडची सवय लागली की पुढच्या वर्षीही नाही.

सुखराम माझ्याकडे आला. उभ्यानेच बोलला. "भाऊ, सोमवारची गाडी आहे. जायची इच्छा नाई. माही पोरगी इथंच हॉस्टेलात बारावीले आहे. पन बारा मानसं मी किती दिवस बसवून ठेवू? रविवार संध्याकाळपर्यंत सांगा."

मंगळवारी डुलीभाऊ कचेरीतून आले ते जवळपास नाचत. "गज्जू, स्थळ आलं! आपल्याच फुलचुरात. पावसाळ्यापर्यंत पुरन एवढं काम." अर्जदार सगुणाबाई मेश्राम, तळमजला अधिक एक. आणि शेवटच्या रकान्यात, सदनिका: दोन. त्या दोनच्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं. "हे मात्र नाजूक आहे. दोन सदनिका म्हंजे दोन चुली. दोघं भाऊ वेगळे होऊन राहिले. बुढीच्या नावानं प्लॉट आहे म्हनून तिची सही. पन बुढीले ठाऊक आहे का नाई, ते कागद सांगत नाई."

नेमकं तेव्हाच त्यांना बालाघाटला मुलीकडे जावं लागलं. नातवाचं बारसं होतं. रविवारी सकाळी येतो म्हणाले. बसमध्ये चढतानासुद्धा मला बजावत होते, "तू काईच करू नको. नुसतं टपरीवर बस. दोऱ्या मोज."

मी बुधवारी बसलो, गुरुवारी बसलो. दोरी एकच होती. शुक्रवारी सुखरामचा फोन आला, "काय झालं भाऊ?" शनिवारी सकाळी माझा धीर सुटला. अर्धा किलो पेढे घेतले आणि सरळ मेश्रामांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

कवेलूचं, म्हणजे कौलारू, जुनं घर, बाजूला मोकळी जागा. अंगणात खाटेवर सगुणाबाई सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. सत्तरीच्या, अंगाने चिपाड, पण नजर अशी की मी आपोआप चप्पल काढली. मी विचार केला, अर्जावर सही यांची, म्हणजे यांना सगळं माहीतच असणार.

"आजी, तोंड गोड करा!" मी ओरडलो. "तुमचा अर्ज मंजूर झाला!"

"कायचा अर्ज गा?"

"घराचा! दोन सदनिका. दोन न्हाणीघरं, दोन स्वयंपाकघरं, सगळं वेगवेगळं, एकदम सुटसुटीत!"

सूप थांबलं.

"दोन चुली?" त्यांनी विचारलं. मग घराकडे तोंड करून, "प्रकाश! विनोद! बाहेर या रे. हा मानूस म्हनते, माह्या घरात दोन चुली होऊन राहिल्या."

थोरला प्रकाश शाळेत शिक्षक, धाकट्या विनोदचं मोटर दुरुस्तीचं दुकान. दोघेही बाहेर आले आणि माझ्याकडे असे पाहू लागले, की पेढ्यांचा डबा मी पाठीमागे लपवला.

"माय, तुले सांगनारच होतो," प्रकाश म्हणाला.

"कधी? भिंत झाल्यावर? मले म्हनतलं घरपट्टीचा कागद आहे, सही कर. मी केली. माह्याच सहीनं माहं घर तोडलं का रे तुमी?"

आतून धाकटी सून म्हणाली, "मी त पहिलेच म्हनत होती, सांगून टाका." थोरली म्हणाली, "मी बी हेच म्हनत होती." दोघींचं एकमत झालेलं त्या घराने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. पण त्याचा आनंद घ्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

सगुणाबाई उठल्या. खाटेचा एक पाय धरून ती फरफटत मोकळ्या जागेच्या अगदी मधोमध नेली आणि वर मांडी घालून बसल्या. "मी इथून हलत नाई. कुदळ मारायची असन त माह्या खाटेखाली मारा." मग माझ्याकडे वळून, "आनि तू रे पेढेवाल्या. पेढे ठेव अन् चाल."

मी पेढे ठेवले आणि चाललो. घरी येऊन डुलीभाऊंना फोन केला आणि अक्षरही न गाळता सगळं सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या. तर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बुढीनं पेढे ठेवून घेतले का फेकून दिले?"

"ठेवून घेतले."

"मंग जमते," म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी बसमधून उतरले ते तसेच, बारशातला नवा शर्ट अंगात, खांद्यावर फक्कीचं पोतं. फक्की म्हणजे पांढरी भुकटी. पाया खोदायच्या आधी तिनेच जमिनीवर रेषा मारतात. आम्ही मेश्रामांकडे पोहोचलो, तर तिथे आधीच एक जण हजर. गावातल्या एका मोठ्या ठेकेदाराचा तरुण इंजिनियर, हातात टॅबलेट, त्यावर घराची रंगीत चित्रं. सगुणाबाई खाटेवर तशाच. रात्री मुलांनी हातापाया पडून घरात नेलं होतं म्हणे, पण उजाडताच खाट पुन्हा जागेवर.

"हे बघा आजी," इंजिनियर सांगत होता, "हे किचन वन, हे किचन टू. दोन्हीकडे ट्रॉल्या."

"याच्यात माही खाट कुठी आहे?"

त्याने चित्र इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. "इथे सोफा आहे ना आजी."

"मी सोफ्यावर मरत नाई," सगुणाबाई म्हणाल्या.

डुलीभाऊंनी पोतं उतरवलं, मूठभर फक्की घेतली आणि खाटेजवळ जाऊन म्हणाले, "माय, पाय वर घे वो."

इतक्या सहज म्हणाले, की म्हातारीने घेतले. डुलीभाऊंनी खाटेच्या चारही पायांभोवती पांढरी रेघ ओढली. "ही तुही जागा. पहिले खाट, मंग घर." मग टेप काढला. एक टोक माझ्या हातात दिलं आणि खाटेपासून बाहेर बाहेर घर काढत गेले. ही थोरल्याची खोली. ही धाकट्याची. ही थोरलीची चूल. ही धाकटीची. आणि मधे एक लांब पांढरी रेघ.

"ही काय?" सगुणाबाईंनी विचारलं, कळलेलं असूनही.

"भिंत."

"भिंत!" त्या खाटेवरून निम्म्या उठल्या.

"आईक त खरी. भिंत आहे. पन भिंतीले दार आहे." खाटेजवळ त्यांनी रेघ पुसून मोकळी केली. "या दाराले कडी नाई. या बाजूनं नाई, त्या बाजूनं नाई. आनि दाराच्या तोंडाशी तुही खाट. हिकडं पाहशीन त थोरलं घर, तिकडं पाहशीन त धाकटं."

"दोन चुली त झाल्याच न?"

"झाल्या. मी खोटं नाई बोलत," डुलीभाऊ तिथेच जमिनीवर बसले. "पन मले सांग माय, आता एका चुलीवर दोघी राहतेत, तुले च्या किती मिळते? अर्धा कप. तो बी थंडा, काऊन का दोघी एकमेकीवर ढकलतेत. दोन चुली होऊ दे. चढाओढ लागन. तू इथं मधात बसून नुसतं नाक वर करजो, दोन बाजूनं दोन कप येतीन."

सगुणाबाईंनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. दोन्ही सुना दारात उभ्या होत्या. थोरली हळूच येऊन फक्कीच्या आपल्या चौकोनात उभी राहिली. मग धाकटीही आली. दोघी आपापल्या न झालेल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून खिडकी कुठे बरी, ते पाहू लागल्या.

सोमवारची गाडी माझ्या डोक्यात शिट्या मारत होती. मला राहवेना. "आजी, मग काय ठरलं?" म्हणत मी लगबगीने त्यांच्याकडे निघालो.

"थांब!" सगुणाबाई कडाडल्या. "भिंतीतून कायले येते रे? दार आहे न तिकडं!"

मी पाहिलं, माझा पाय फक्कीच्या रेघेवर होता. मी मागे सरलो, वळसा घातला आणि दारातून आत गेलो. डुलीभाऊंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "झालं," ते पुटपुटले. "बुढी राहाले गेली."

"दाराले कडी लावली कोनी," सगुणाबाई मुलांकडे पाहून म्हणाल्या, "त मी दोन्ही घरं विकून विहाराले देऊन टाकीन. समजलं?" दोघे भाऊ एकदम म्हणाले, "समजलं माय." मग त्या खाटेवरून उतरल्या, खाट स्वतः बाजूला ओढली आणि डुलीभाऊंना म्हणाल्या, "खोदा."

तो इंजिनियर टॅबलेट बंद करून जाता जाता डुलीभाऊंना म्हणाला, "काका, हे कोणत्या कॉलेजात शिकवतात?" डुलीभाऊंनी त्याला टेपचं मोकळं टोक दाखवलं.

मी सुखरामला फोन लावला. "तिकीट काढू नको!"

"काढलं न भाऊ."

"रद्द कर!"

पलीकडे त्याने कोणालातरी ओरडून सांगितलं आणि बारा माणसांचा जो गलका झाला, तो डुलीभाऊंना लांबूनही ऐकू आला. दुसऱ्या दिवशी हैदराबादची गाडी गोंदियाहून सुटली तेव्हा टोळी मेश्रामांच्या अंगणात होती. बुद्धवंदना झाली, पहिली कुदळ सगुणाबाईंनी मारली, आणि मी त्या जागेपासून चार हात लांब उभा राहिलो. आता माझा स्वतःवर विश्वास नव्हता. घर असं उभं राहिलं म्हणता! पाऊस यायच्या आत वरचा स्लॅब टाकून झाला. सुखरामची मुलगी बारावी पास झाली, तिचे पेढे मात्र तिने स्वतः वाटले. जिना? जिना डुलीभाऊंनी मला काढूच दिला नाही. फुलचुरात बोलबाला असा झाला, की पुढच्या तीन घरांनी 'मेश्रामांकडे आहे तसलं दार' मागितलं. त्यांतल्या एका घरात एकच नवरा-बायको होते.

त्या बिनकडीच्या दाराची चौकट बसवायच्या दिवशी मात्र डुलीभाऊ विचित्र वागले. आतल्या दाराला कोणी एवढं जपत नाही. हे सकाळपासून तिथे बसून. सुखरामने चौकट उभी केली, यांनी ओळंबा लावला, पुन्हा लावला. सुखराम हसून म्हणाला, "काका, सूतभरही नाई हलनार." हे हसले नाहीत. चौकटीत हात घालून उगाच इकडून तिकडे नेत राहिले.

डुलीभाऊंचं घर म्हणजे अर्धं घर आहे. उरलेल्या अर्ध्यात त्यांचा धाकटा भाऊ खेमराज. मधे चार इंची भिंत. तिकडे फोडणी बसली की इकडे शिंक येते. पण दोघे भाऊ कित्येक वर्षांत एकमेकांशी बोललेले नव्हते. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि विचारायचं नाही हेही. डुलीभाऊंची बायको गेल्यापासून ते त्या अर्ध्यात एकटेच असतात.

त्या संध्याकाळी ते आपणहून बोलले. "वाटनी झाली तेव्हा नकाशा मीच काढला होता, गज्जू. भिंत मीच टाकली. दार ठेवाले विसरलो नाई. ठेवलं नाई. माय खेमराजकडे राहिली. शेवटी शेवटी ती हाक मारे, मले इकडं साफ आईकू ये. जायचं त गल्लीतून फिरून, त्याचं फाटक ठोकून. मले फाटक ठोकाची लाज वाटे."

मग ओळंबा गुंडाळून ते उठले. 

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. त्यांनी फलकाकडे पाहिलंही नाही. सरळ आत जाऊन अर्ज मागितला: राहत्या घरातल्या भिंतीला दार.

"काका, आतल्या दाराला परवानगी लागत नाही," खिडकीतले बाबू म्हणाले.

"नसन लागत. सहमालकाच्या सहीचा रकाना आहे न याच्यात?"

"आहे."

"मंग द्या."

व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी सुंदर अक्षरात अर्ज भरला. खालचा रकाना मोकळा ठेवला आणि कागद माझ्या हातात दिला. "तू नेऊन दे. मले तिथं बोलता येनार नाई. तुह्या पोटात काई राहत नाई, तू सगळंच बोलून टाकशीन."

त्यांना घरी सोडून मी गल्लीतून वळसा घालून गेलो, फाटक ठोकलं आणि खेमराजभाऊंसमोर खरोखरच सगळं बोलून टाकलं. मेश्रामांची भिंत, म्हातारीची खाट, चौकटीत फिरणारा तो हात, आईची हाक, फाटकाची लाज, सगळं. खेमराजभाऊ मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी चष्मा लावला, अर्ज गुडघ्यावर ठेवून सावकाश वाचला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दार कोन्या बाजूनं उघडन?"

अर्जात तसा रकाना नव्हता. मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून, अगदी कानाजवळून आवाज आला.

"तुह्याच बाजूनं उघडन गा!"

खेमराजभाऊ दचकले. भिंतीकडे पाहत राहिले. मग भिंतीलाच म्हणाले, "इकडं माठ आहे. तिकडं उघडू दे."

"इकडं मोरी आहे!"

"मंग मोरी हटव न!"

"माठ हटवाले काय होते तुले?"

"पहिलेपासूनच तू असा आहे!"

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि भिंतीशी भांडणाऱ्या नवऱ्याकडे तोंडावर पदर धरून बघत उभ्या राहिल्या. दोघे भाऊ चांगला अर्धा तास भांडत होते. सही मात्र खेमराजभाऊंनी पहिल्याच मिनिटाला केली होती.